मोरतळ्याचा पूल

गंगापूर तालुक्यात ढाकणगाव नावाचं गाव आहे आणि त्याच्या मधून एक ओढा वाहतो. शाळा, दवाखाना आणि किराणा दुकान ओढ्याच्या अलीकडे आहे. पंचवीस घरांची एक वस्ती पलीकडे आहे. मध्ये पूल होता. चार वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका दुपारी तो वाहून गेला. त्या जागी वस्तीतल्या लोकांनी विजेचा एक पडलेला सिमेंटचा खांब आडवा टाकला आणि वर हाताला धरायला दोर बांधला. उन्हाळ्यात या व्यवस्थेबद्दल कोणाची तक्रार नसे.

मेघा खरात ही 'दैनिक खामकाठ' या वर्तमानपत्राची वार्ताहर होती. अकरा वर्षं गंगापूर तालुका तिच्याकडे होता. तालुक्यात जे काही घडेल ते एकशे ऐंशी शब्दांत बसवून संध्याकाळी सहाच्या आत छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात द्यायचं, हे तिचं काम. ढाकणगावच्या वस्तीत तिची मावशी राहायची, पारूबाई. जुलैतल्या एका बाजाराच्या दिवशी पारूबाई खांबावरून घसरून ओढ्यात पडली आणि घरी पोचल्यावर तिनं मेघाला फोन केला.

"जयभीम, मावशी. लागलं का कुठं?"

"मला काय व्हतंय. दोन किलो कांदे गेले, मी ऱ्हायले. पर श्रेयाला मी आता शाळंत धाडीत नाय. सातवीत हाय पोरगी. पाऊस हाय तवर घरीच बसू दे."

श्रेया ही पारूबाईची नात. तिची जुलै ते ऑक्टोबरची हजेरी दरवर्षी ओढ्याच्या मर्जीवर असायची. मेघाने त्याच दिवशी बातमी लिहिली. ती सातव्या पानावर, कूपनलिकेच्या जाहिरातीखाली छापून आली.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या ग्रामसुविधा पूर्तता कक्षाचा खुलासा आला. 'ढाकणगाव येथील पूल वाहून गेल्याचे वृत्त वस्तुस्थितीस धरून नाही. नोंदीनुसार सदर पूल सुस्थितीत असून त्याची दोन वेळा दुरुस्ती व एक वेळा रंगरंगोटी करण्यात आली आहे. जो पूल गेल्या वर्षी रंगवला, तो चार वर्षांपूर्वी वाहून जाणे तर्कास धरून नाही.' खाली सही होती कक्षप्रमुख सर्जेराव वाबळे यांची.

मेघा ढाकणगावला गेली, फोटो काढला आणि फोटोसकट पुन्हा बातमी दिली. पुन्हा खुलासा आला. 'छायाचित्रात पूल दिसत नाही. यावरून सदर छायाचित्र पुलाचे नाही, हे स्वयंस्पष्ट आहे.'

अशा सात बातम्या झाल्या आणि सात खुलासे झाले. सातव्या खुलाशानंतर संपादक बद्रीनाथ सरांनी मेघाला बोलावून घेतलं. सर भले गृहस्थ होते. त्यांना पित्ताचा त्रास होता आणि खुलासा आला की तो वाढायचा.

"मेघा, तुझ्या बातम्या खऱ्या आहेत, यात मला शंका नाही," सर म्हणाले. "अडचण एवढीच आहे, की त्यांचे खुलासे जास्त चांगल्या मराठीत असतात."

"मग सर, पुढं काय करू?"

"आपले ज्योतिषी मुलाकडं पुण्याला गेले. अचानक जावं लागलं, त्यांनाही आधी कळलं नाही. काही दिवस राशिभविष्य तू बघ."

मेघाला राग आला. अकरा वर्षांची नोकरी आणि हाती बारा राशी. पहिल्याच आठवड्यात तिने मकर राशीसमोर लिहून टाकलं : 'आर्थिक लाभ संभवतो. ढाकणगावच्या पुलावरून जाणे टाळावे, पूल नाही.'

ती खुलाशाची वाट बघत बसली. खुलासा आला नाही. उलट ग्रामसुविधा पूर्तता कक्षातूनच तीन फोन आले. त्यातल्या एकाने फार अदबीने विचारलं, "मॅडम, मी मकरेचा. बिडकीनला जायचंय, तिकडच्या पुलाला काही अडचण नाही ना?" दुसऱ्या दिवशी तिला कळलं की सर्जेराव वाबळेसाहेबांचीही रास मकर आहे आणि त्यांनी त्या आठवड्याचा गंगापूर दौरा रद्द केला आहे.

त्या दिवशी मेघाच्या लक्षात आलं की आपण अकरा वर्षं चुकीच्या रकान्यात खरं लिहीत होतो. वाक्य तेच. बातमीत लिहिलं तर खुलासा येतो, भविष्यात लिहिलं तर दौरा रद्द होतो. मग कथेत लिहिलं तर काय होईल, हा विचार तिच्या डोक्यात शिरला आणि निघेना. तिने राजीनामा दिला. बद्रीनाथ सरांनी तो वाईट वाटून, पण लगेच स्वीकारला.

*

चौदा महिन्यांनी मेघा कादंबरीचं हस्तलिखित घेऊन औरंगपुऱ्यात इंद्रजीत शेळके यांच्या दुकानात गेली. इंद्रजीत प्रकाशक होते. शाळेची गाइडं विकून ते साहित्य छापत. त्यांनी आठ दिवसांत हस्तलिखित वाचलं आणि चहा मागवला.

"ताई, लिहिलंय फर्स्टक्लास. पण फार खरं वाटतंय," ते म्हणाले. "थोडं खोटं घाला, म्हणजे लोकांना पटेल. आता हेच बघा. पूल वाहून गेला आणि चार वर्षं कोणीच बांधला नाही. अतिरंजित वाटतं हो. दोन वर्षं करा."

"आणि?"

"ढाकणगाव हे नाव काढा. वाचक अशा गावात शिरत नाही. आणि मावशी पडते नि कांदे वाहून जातात, म्हणता. कांदे वाहून जाऊन कादंबरी होत नसते. मावशीला न्या."

मेघाने तीन दिवस विचार केला आणि मावशीला नेलं. पारूबाईची द्वारकाबाई झाली आणि ती एकशे बाराव्या पानावर पुरात वाहून गेली. ढाकणगावचं मोरतळे झालं. नावात मोर आले म्हणून गावातही दोनचार मोर सोडावे लागले. 'पलीकडचं मोरतळं' या नावाने कादंबरी निघाली. आत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की यातलं गाव, माणसं व प्रसंग पूर्णपणे काल्पनिक आहेत.

प्रकाशनाला प्रमुख पाहुणे म्हणून इंद्रजीतनी सर्जेराव वाबळेसाहेबांना बोलावलं, कारण साहेबांच्या हाताखाली जिल्ह्यातली एकशे चाळीस ग्रंथालयं होती. साहेब उंच, गोरटेले, मृदू आवाजाचे गृहस्थ होते. त्यांना साहित्याची आवड होती. सात खुलाशांवरून मेघाला ते माहीत होतंच. भाषणात ते एकशे बाराव्या पानापाशी आले आणि थांबले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"द्वारकाबाई गेली," साहेब म्हणाले. "एका पुलासाठी गेली. मित्रहो, मी अधिकारी नंतर, माणूस आधी आहे. मोरतळ्याला पूल मिळालाच पाहिजे. मी तो देणार."

टाळ्या पूर्ण दोन मिनिटं चालल्या. मेघा साहेबांच्या शेजारीच बसली होती. ती वाकून हळूच म्हणाली, "साहेब, मोरतळे म्हणजे ढाकणगावच आहे. तिथं बांधा."

साहेबांना खरोखरच दुखावल्यासारखं झालं. "मॅडम, आपल्या कलाकृतीला असं खाली आणू नका," ते म्हणाले. "आणि ढाकणगावला पूल आहे."

*

पुढच्या सोमवारी कक्षातले वरिष्ठ लिपिक पुंडलिक काळे सिडकोतल्या मेघाच्या घरी आले. त्यांच्या हातात कोरी करकरीत फाइल होती आणि कादंबरीची एक प्रत. प्रतीला जागोजाग पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. एवढं बारकाईने आपलं पुस्तक कोणी वाचलं असेल, याची मेघाला कल्पना नव्हती. तिने त्यांना पोहे केले.

"मोरतळ्याची लोकसंख्या लागंल, मॅडम," काळे पोहे खाता खाता म्हणाले. "मी मोजली तर एकवीस पात्रं भरली. त्यातली मेलेली चार. सतरा धरू का?"

"काळेसाहेब, ते गाव नाहीच आहे. मी ते रचलंय."

"व्हय, ते आलं लक्षात."

"मग नसलेल्या गावात पूल कसा बांधणार?"

काळ्यांनी बशी खाली ठेवली. चोवीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न त्यांना प्रथमच कोणी विचारला होता, पण ते चिडले नाहीत. "त्याचं असं हाय, मॅडम. ढाकणगावला पूल देता येत नाय, कारण कागदावर तिथं पूल हाय. आसपासच्या गावांत शाळा पायजे तर कागदावर शाळा हाय, टाकी पायजे तर टाकी हाय. जिथं जावं तिथं आपलंच काम आडवं येतं. मोरतळ्याचा मात्र कागदच नाय. असं स्वच्छ गाव आम्हाला पयल्यांदा गावलंय. साहेब लई खूश हायेत."

"पण ते खोटं आहे."

"ते खरं असल्याचा दाखला नाय, हे कबूल. पण खोटं असल्याचा तरी कुठं दाखला हाय? तुम्ही लिहून देता का?"

मेघाने तिथल्या तिथं लिहून दिलं. 'मोरतळे हे गाव अस्तित्वात नाही, ते मी कल्पनेने निर्माण केले आहे,' असं स्वच्छ अक्षरात लिहून खाली सही केली. पंधरा दिवसांनी साहेबांच्या सहीचं उत्तर आलं. 'श्रीमती खरात यांनी यापूर्वी केलेली सात विधाने या कक्षाच्या नोंदींशी विसंगत आढळली आहेत. हा अनुभव पाहता त्या जे नाही म्हणतात ते असण्याची दाट शक्यता आहे. सबब मोरतळे या गावाच्या अस्तित्वास श्रीमती खरात यांच्या पत्राने पुष्टीच मिळते.'

मेघाने ते उत्तर तीनदा वाचलं. भाषा निर्दोष होती.

ती ते घेऊन इंद्रजीतच्या दुकानात गेली. तिथे त्यांची मुलगी प्रेरणा बसली होती. ती दुकानाची ऑनलाइन बाजू सांभाळायची आणि बापाच्या कुठल्याही पुस्तकावर तिचा विश्वास नव्हता.

"ताई, तुम्ही अजून लिहूनच खुलासे करताय?" ती म्हणाली. "लिहिलेलं लोक वाचत नाहीत आणि वाचलेलं मानत नाहीत. बोला. पॉडकास्ट काढू. तुम्ही माइकसमोर सरळ सांगा की गाव खोटं आहे. विषय संपला."

मेघाच्या मधल्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून स्टुडिओ झाला. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'खरं सांगायचं तर'. पहिल्या भागात मेघा एक्केचाळीस मिनिटं बोलली आणि मोरतळे नावाचं गाव पृथ्वीतलावर नाही, हे तिने सहा वेगवेगळ्या प्रकारांनी सिद्ध केलं. आठवड्यात तो भाग त्र्याऐंशी हजार लोकांनी ऐकला. 'दैनिक खामकाठ'चा खप सगळ्या आवृत्त्या मिळून एवढा नव्हता.

प्रतिक्रियांचा पाऊस पडला. 'आपल्याच गावाला नाकारणारी लेखिका, काय जबरदस्त वेदना आहे आवाजात,' असं एकाने लिहिलं. 'ऐकताना रडू आलं. मोरतळे प्रत्येकाच्या मनात असतं,' असं दुसरीने. ठाण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, की आपण मूळचे मोरतळ्याचेच, आजोबांनी गाव सोडलं आणि ते मरेपर्यंत तिथल्या मोरांची आठवण काढत. त्यांच्या प्रतिक्रियेखाली आणखी चारशे मोरतळेकर जमले आणि त्यांनी एक मंडळ स्थापन केलं.

"ताई, गाव खोटं आहे हे आता पुन्हा सांगू नका," प्रेरणा म्हणाली. "लोकांना वाईट वाटेल. आता पाहुणे बोलवू."

खरं सांगायचं तर मेघालाही बरं वाटत होतं. अकरा वर्षांत तिला रस्त्यात कोणी ओळखलं नव्हतं. आता गुलमंडीवर भाजी घेताना दोन बायकांनी तिच्यासोबत सेल्फी काढला आणि तिसरीने विचारलं, "तुमचं ते मोरांचं तळं कुठंशी आलं हो?" मेघाने तिला दुरुस्त केलं नाही. त्या बाईने काय ऐकलं होतं कोण जाणे, पण आदर खरा होता.

पहिले पाहुणे अर्थातच सर्जेराव वाबळेसाहेब. मेघाने सात खुलासे, खांबाचा फोटो आणि श्रेयाच्या हजेरीपटाची प्रत असं सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. प्रेरणाने ते उचलून कपाटात ठेवलं.

"पॉडकास्टचा एकच नियम आहे, ताई. पाहुण्याला तोडायचं नाही. तो थांबला की 'इंटरेस्टिंग' म्हणायचं."

"आणि खोटं बोलला तर?"

"'खूपच इंटरेस्टिंग' म्हणायचं."

साहेब एक तास दहा मिनिटं बोलले. बालपण, कष्ट, पहिलं पोस्टिंग, पहाटे उठण्याचे फायदे. मेघाने चौतीस वेळा 'इंटरेस्टिंग' म्हटलं. शेवटी तिच्यातली वार्ताहर जागी झाली आणि तिने विचारलं, "साहेब, हा पूल नेमका कुठं होणार?"

"पृष्ठ चौतीस," साहेब तत्काळ म्हणाले. "आपणच लिहिलंय. 'गंगापूरकडून येताना डाव्या हाताला उसाचं रान संपलं, की मोरतळं दिसू लागतं.' आमच्या अभियंत्यांनी जागा शोधली. रान संपतं, पुढं गायरान आहे. ढाकणगावपासून दोन किलोमीटर."

"तिथं ओढा आहे?"

"पाहणी एप्रिलमध्ये झाली. ओढा दिसला नाही. पण पृष्ठ एकोणचाळीसवर आपण लिहिलंय की, ओढा उन्हाळ्यात आटतो. त्यामुळं ते जुळलं."

"इंटरेस्टिंग," मेघा म्हणाली.

*

पूल पाच महिन्यांत पूर्ण झाला. भक्कम होता. गायरानाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना गवत आणि खालीही गवत. कठड्यावर मोर काढले होते. उद्घाटनाला जायचं नाही, असं मेघाने ठरवलं होतं. पण निमंत्रणपत्रिकेवर तिचं नाव मंत्र्यांच्या नावाएवढ्या अक्षरात होतं आणि फीत तिने कापायची होती. तिने नवी पैठणी नेसली आणि ती गेली.

ढाकणगावच्या वस्तीतले लोक टेम्पो करून आले होते. पारूबाई श्रेयाला घेऊन पुढच्याच रांगेत बसली होती. फीत कापून झाल्यावर तिने मेघाला बाजूला घेतलं.

"पूल ब्येस झालाय," ती म्हणाली. "कुणासाठी हाय?"

"द्वारकाबाईसाठी, मावशी. कादंबरीतल्या."

"ती जी मेली ती? श्रेयानं वाचून दावली मला. म्हंजी मीच ना ती? मला मारलंस व्हय गं?"

"प्रकाशक म्हणाले, मारावं लागेल."

"मारलंस ते मारलंस, त्याचं काय नाय. पर मेल्यावर पूल मिळतो म्हनलं तर म्या आधीच मरून बघितलं असतं." पारूबाईने पुलाच्या कठड्यावरून हात फिरवला. "आन् जितीसाठी कायतरी लिही की. पोरीची दहावी हाय औंदा."

मेघा उद्घाटनाचं जेवण न घेताच घरी गेली. तिने पुढच्या भागात मावशीला फोनवर घेऊन हा सगळा प्रसंग जसाच्या तसा सांगितला. तो भाग एक लाख लोकांनी ऐकला आणि मावशीचं काम कोणी केलं आहे, आवाज फार अस्सल आहे, असं बहुतेकांनी विचारलं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. गायरानावर पाणी पडलं, मुरलं आणि पुलाखालचं गवत वाढलं. ओढा काही आला नाही. ऑगस्टमध्ये लेखापरीक्षक येऊन गेले आणि त्यांनी शेरा मारला, की ज्याच्याखाली पाणी नाही तो पूल नसून उंच केलेला रस्ता आहे, आणि रस्ता हे या कक्षाचं कामच नाही. साहेबांची दोन दिवस झोप उडाली. तिसऱ्या दिवशी ते पुंडलिक काळ्यांना म्हणाले, "पूल आहे तिथं ओढा असायला हवा. जवळचा ओढा कुठला?"

"ढाकणगावचा, साहेब. दोन किलोमीटर."

"तो आणला तर ढाकणगावची काही गैरसोय?"

काळ्यांनी नोंदी पाहिल्या. नोंदीनुसार ढाकणगावला पूल सुस्थितीत होता. ओढा असला काय आणि नसला काय, तिथल्या जनतेचं येणंजाणं पुलावरूनच चालू राहणार होतं. गैरसोय शून्य. सप्टेंबरअखेर तीन पोकलेन लागली, गावाच्या वरच्या अंगाला बांध घातला गेला, चर खोदला गेला आणि एका सकाळी ढाकणगावचा ओढा वळून गायरानावर गेला. मोरतळ्याच्या पुलाखाली पाणी खळखळू लागलं. साहेबांनी व्हिडिओ मेघाला पाठवला. सोबत लिहिलं होतं : 'आपली कल्पना, आमची अंमलबजावणी.'

मेघा पहिली जीप पकडून ढाकणगावला निघाली. वस्तीतले लोक आता काय म्हणतील, हे मनात घोळवत ती फाट्यापासून पायी गेली. पोचली तर ओढ्याच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. सिमेंटच्या खांबावर म्हातारी माणसं पाय सोडून बसली होती. शाळा सुटली होती आणि श्रेया पात्रातल्या गोट्यांवरून चपला न भिजवता चालत घरी येत होती.

"मॅडमनं आज मला दोनदा विचारलं, तू का आलीस म्हणून," श्रेया म्हणाली. "पावसाळ्यात मी येते, याची त्यांना सवयच नाय. माझं पाठीमागचं बाकसुद्धा दुसऱ्या पोरीला देऊन टाकलं होतं. मग परत घेतलं मी."

पारूबाई पात्रातूनच किराण्याला निघाली होती. "बघ की," ती मेघाला म्हणाली, "पूल मागितला तर पूल नाय आला, वढाच गेला. काय वाईट झालं?"

"मावशी, ओढा गेला म्हणजे विहिरींचं पाणी उतरेल ना."

"उतरंल की. मार्गेसरात उतरंल." पारूबाईने पदर खोचला. "मग त्याची दुसरी कादंबरी लिही. ह्या येळेला मला मारू नको, नातीच्या लग्नात नाचताना दाखीव."

मेघाला हसू आलं. ते आवरेना, म्हणून ती खांबावर म्हाताऱ्यांच्या शेजारी बसली. सात बातम्यांनी इथला एक दगड हलला नव्हता आणि एका थापेने अख्खा ओढा हलला. आपण जिंकलो की हरलो, हे तिला ठरवता येईना. शेजारच्या म्हाताऱ्याने तिला भुईमुगाच्या शेंगा दिल्या. दोघं खात बसले.

महिन्याभरात कक्षाची वार्षिक पुस्तिका निघाली. तिच्यात मुखपृष्ठावर मोरतळ्याचा पूल होता आणि आत एक ओळ होती : 'ढाकणगाव येथील पूल उत्तम स्थितीत असून विद्यार्थ्यांची ऑक्टोबरमधील उपस्थिती शंभर टक्के झाली आहे.' श्रेयाच्या हजेरीपटाची प्रत पुरावा म्हणून जोडली होती. आयुष्यात पहिल्यांदा मेघाला त्या कक्षाच्या एका विधानात, निदान त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात, चूक काढता आली नाही.

*

आता एकच प्रशासकीय अडचण उरली आहे. मोरतळ्याला ग्रामपंचायत द्यायची तर किमान साडेतीनशे रहिवासी लागतात आणि गावात हयात पात्रं सतराच आहेत. मेघाने दुसऱ्या आवृत्तीत आणखी माणसं घालावीत, अशी विनंती साहेबांनी करून पाहिली. तिने नकार दिला. ती सध्या विहिरींवर लिहीत आहे. तेव्हा साहेबांनी सखोल विचार करून रहिवाशाची नवी व्याख्या तयार केली आणि तशी जाहीर सूचना काढली.

'ज्या व्यक्तींनी मोरतळ्याची हकिगत शेवटपर्यंत वाचली अथवा ऐकली, ज्यांना ती वाचताना वाईट वाटले किंवा हसू आले, ज्यांनी "आपल्याकडे असेच चालायचे" असे उद्गार काढले आणि त्यापलीकडे काहीही केले नाही, अशा सर्व व्यक्ती मोरतळ्याच्या कायम रहिवासी समजण्यात येतील. हरकत असल्यास पंधरा दिवसांत ढाकणगाव येथील शाळेत समक्ष हजर राहून नोंदवावी.'

मेघाने ही सूचना पॉडकास्टवर दोनदा वाचून दाखवली. गंगापूरहून जीप कुठे मिळते, फाट्यावर कुठे उतरायचं, हेही सांगितलं. पुंडलिक काळे हरकतींची वही घेऊन पंधरा दिवस शाळेच्या व्हरांड्यात बसून होते. श्रेया मधल्या सुट्टीत त्यांना पाणी आणून द्यायची. सोळाव्या दिवशी त्यांनी कोऱ्या वहीवर 'निरंक' असा शेरा मारला, सही केली आणि ते परत गेले. मोरतळ्याची लोकसंख्या सध्या एक लाखावर आहे आणि तिला नगरपालिका द्यावी, असा प्रस्ताव वर गेला आहे.

पुरवणी यादीचं काम अजून चालू आहे. तुम्ही इथपर्यंत आला आहात, तेव्हा तुमचं नाव तीत लागलेलं आहे. वॉर्ड क्रमांक दोन, पुलाला अगदी लागून. यायला-जायला तुम्हाला काही त्रास होणार नाही.